जनकाबाईला मोटर नको होती

विहिरीवर मोटर बसली त्या दिवशी अमडापूरच्या शिवारात पेढे वाटले गेले, आणि जनकाबाई पदर तोंडात कोंबून रडली. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. विजेचे खांब नुकते कुठे ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबले होते, आणि ज्याच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसेल तो गावातून छाती काढून चालायचा. अशा मुहूर्तावर घरची थोरली सून काठाशी बसून रडते म्हणजे काय? नवऱ्याचं वेड बायकोला लागलं, असं कुणीतरी म्हणालं आणि दिवेलागणीच्या आत ते गावभर झालं. गावाला दुसरं काम नसलं की गाव वैद्य होतं.

जनकाबाईचं वेड अगदी साधं होतं. तिला नवरा जिवंत हवा होता.

ती धाड गावची लेक. बापाघरी बोलून बोलून आईला जेरीस आणायची, म्हणून लवकर उजवली म्हणतात. सासरी आल्यावर मात्र तिला नवरा मिळाला तो मुलखाचा अबोल. पुंजाजीने तिला कधी शिवी दिली नाही आणि कधी कौतुकही केलं नाही. बाजारातून येताना न सांगता बांगड्या आणायचा आणि कोनाड्यात ठेवून द्यायचा. तिचं तेवढ्यावर भागत होतं. एकुलती लेक आशा बीबी गावी दिली, जावई चांगला निघाला, शेतात दोन भावांचं एकत्र पिकत होतं. देणं नाही, भांडण नाही, घरात कुणी मेलं नाही. आणि एका सकाळी पुंजाजी बाजेवरून उठलाच नाही.

ताप नव्हता. कुठे दुखत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि काय होतं म्हणून विचारलं तर म्हणायचा, काहीच होत नाही. मग जे व्हायचं ते सगळं झालं. भगत आला, लिंबू उतरले, कोंबडं कापलं, दंडात गंडा बांधला, जनकाबाईला उपास सांगितले. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला! धाकटा भाऊ दयाराम तर त्याला खांद्यावर घेऊन देवळादेवळांतून फिरला. दयारामचा भावावर फार जीव. बाप लवकर गेला, तेव्हा पुंजाजीनेच त्याला वाढवलेलं. पुढे एके दुपारी पुंजाजीने कपाशीवर फवारायचं औषध तोंडाला लावलं. बैलगाडीतून सडकेवर आणि तिथून एसटीने बुलढाण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत जनकाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्या वाटेवर तिने देवाकडे काहीच मागितलं नाही. मागायचं सुचतच नव्हतं.

पुंजाजी वाचला. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि तोंडाने फटकळ होता. त्याने सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं आणि तिला एकच विचारलं, हा दिवसभर करतो काय? पडून राह्यतात, ती म्हणाली. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, आणि वर चिखलीच्या एका व्यायामशाळेतल्या ओळखीच्या वस्तादाला चिठ्ठी दिली.

"गोळी मी देतो बाई," तो म्हणाला, "पण याला रोज घाम फुटेपर्यंत हलवायचं, चालवायचं. हे याचं अर्धं औषध आहे. ज्या दिवशी हा पडून राहील, त्या दिवशी माझी गोळी फुकट गेली समजा."

जनकाबाईने ते वाक्य गाठीला बांधलं. चिठ्ठी घेऊन दोघं चिखलीला गेले. व्यायामशाळेत मिसरूड न फुटलेली पोरं दंडबैठका मारत होती, त्यांत चाळिशी गाठलेला, लेकीला सासरी पाठवलेला पुंजाजी चड्डीवर उभा. वस्ताद भला माणूस, त्याने समजुतीने घेतलं. पण पोरं ती पोरंच. दोन दिवसांत पुंजाजीने मान खाली घातली ती वर केली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एसटीत बसायला नकार दिला. मग जनकाबाईने स्वतःच त्याला पहाटे पांदीने फिरवायला सुरुवात केली. आता आपल्याकडे माणूस चालतो तो कुठेतरी जायला चालतो. शेतात जाईल, बाजाराला जाईल, मयतीला जाईल. नवरा-बायको हातात काही नसताना पांदीने जातात आणि तसेच परत येतात, हे पाहून भेटेल तो विचारायचा, कुठं चालले? काय उत्तर द्यायचं? डॉक्टरने चालायला सांगतलं म्हटलं तर लोक हसायचे. आठवड्यात पुंजाजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला.

औषध सापडलं ते अवचित. गव्हाला पाणी द्यायचं होतं, मोट हाकणारा गडी तापाने फणफणलेला, दयाराम बाजाराला गेलेला. जनकाबाईने नवऱ्याला दंडाला धरून विहिरीवर नेलं आणि बैलांचे कासरे त्याच्या हातात दिले. रागानेच दिले. गहू जळून राह्यला, म्हणाली, मरायचं असंन त पानी देऊन मरा.

पुंजाजीने वहाणा काढल्या. धाव म्हणजे मोटेच्या बैलांची उताराची वाट. तिच्यावर त्या घरात कुणी वहाणांनी पाय ठेवत नसे. बैल उतारावरून खाली गेले की कातड्याची भरलेली मोट वर येते, पाणी पाटात पडतं, आणि मग बैल मागे मागे सरत पुन्हा वर येतात. त्यांच्यासोबत हाकणाराही खाली जातो आणि वर येतो, दिवस मावळेपर्यंत. खुरपणीत माणूस बसून राहिला तर कुणाला कळत नाही. मोटेवर मात्र थांबता येत नाही, थांबलं की बैल मान वळवून बघतात. त्या दिवशी पुंजाजी घामाने न्हाला आणि सांजेला त्याने भाकरीवर आणखी भाकरी मागितली. जनकाबाई चुलीपुढून उठून मोरीत गेली आणि तिथे रडून घेऊन परत आली.

त्यानंतरची तीन वर्षं मोट त्याच्याकडेच होती. तो बरा झाला असं ती कधी म्हणाली नाही, नजर लागते. पण तो मोऱ्या आणि चांद्या या मोटेच्या बैलांशी बोलायचा. बायकोशी बोलायचा त्याहून जास्त बोलायचा, आणि तिला त्याचा राग येत नव्हता. अमावस्येला बैलांना विसावा असायचा, त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला असायचा हे तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

आणि मग मोटर आली. तिच्यामागे दयारामची माया होती, हेच तर वाईट. दुष्टाव्याशी भांडता येतं, मायेशी काय भांडणार? थोरल्याला बैलासारखा राबवतो आणि धाकटा बाजार करतो, असं लोक म्हणायचे ते दयारामच्या काळजाला लागलं होतं. मोटर बसवली आणि त्याने निंबाखाली भावासाठी बाज टाकली, तिच्यावर नवी सतरंजी घातली. आता दादाने फक्त बटण दाबायचं. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. दिवसभराच्या कामाला एक बोट पुरे.

जनकाबाईने दिराला सांगून पाहिलं. मोट राहू द्या, मोटर बाकीच्या पिकाला चालवा, यांच्याकडे एवढी गव्हाची पट्टी द्या. दयाराम हसला. मोटर असताना मोट हाकणारा आख्ख्या तालुक्यात एकच निघेल, म्हणाला, अन् तोच येडा ठरंल. यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरचं वाक्य तिने ऐकवलं, तर तो म्हणाला की ते दुखण्यापुरतं होतं, आता दादा चांगला झाला, आता त्याला आराम पाहिजे. ज्या औषधाने माणूस उभा राहिला तेच औषध, माणूस उभा राहिला म्हणून बंद!

पहिले काही दिवस पुंजाजी बाजेवर बसला. मग कलंडला. उन्हाळा तोंडाशी आला तोवर त्याने निंबाच्या खोडाकडे तोंड फिरवलं होतं, आणि बटणही दयारामची बायको तानाबाई येऊन दाबायची. जेवण अर्धं झालं, मग चतकोर. जनकाबाईने फवारणीचे डबे कुलपात घातले, किल्ली कमरेला लावली. तो जागचा हलला की ती हातातलं टाकून बघायला जायची, आणि हलला नाही तरी जायची.

शेवटी तिने चोरी केली. वायरमन फ्यूज कसा बसवतो ते तिने पाहून ठेवलं होतं. भाकरी घेऊन शेतात गेली की कुणी नाही बघून ती फ्यूज काढायची आणि भाकरीच्या फडक्यात बांधायची. मोटर बंद पडायची. वायरमन चिखलीहून येईस्तोवर पिकाला तर पाणी हवं, मग दयाराम नाइलाजाने मोट जुंपायला सांगायचा. आणि पुंजाजी उठायचा! मळभ आल्यासारख्या चेहऱ्याने उठायचा, पाय ओढत धावेवर जायचा, पण जायचा, आणि सांजेला भाकरी मोडायचा. त्या एकेका दिवसासाठी जनकाबाई वायरमनच्या शिव्या आनंदाने ऐकायची आणि दिराची वणवण आनंदाने बघायची. वाळणाऱ्या कांद्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिने तसं सांगितलंही असतं.

एकदा फ्यूज काढताना तिने मागे पाहिलं, तर बाजेवर पडलेला पुंजाजी डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होता.

"जनके," तो हळूच म्हणाला, "मोटर चांगली हाय. बिघाड माह्यात हाय. लाव ते परत."

तिने फ्यूज परत लावला नाही. तो सगळं जाणतो, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही, पण वायरमनने सांगितलं. फ्यूज जळत नाही भाऊ, कोनी काढून नेऊन राह्यलं. दयारामला समजायला वेळ लागला नाही. तो वहिनीवर हात उचलणारा माणूस नव्हता. तो ओसरीत बसला आणि संतापाने रडला, आणि पुढच्या आठवड्यात त्याने मोऱ्या-चांद्या धाडच्या बाजारात नेऊन विकले. मोटेचं कातडं फाडून जोडे शिवायला देऊन टाकलं. आता जनकाबाईने शंभर फ्यूज काढले असते तरी विहिरीवर जुंपायला काही उरलं नव्हतं.

ओढ्याच्या पलीकडे अर्जुनरावांची विहीर होती. अर्जुनराव बौद्ध. थोडकी जमीन, विहीर बापलेकांनी सुरुंग लावून स्वतः खोदलेली. खांब ओढ्याच्या अलीकडेच थांबल्यामुळे त्यांच्याकडे अजून मोट चालायची. जनकाबाई एका दुपारी ओढा ओलांडून गेली. आजवर ती त्यांच्या बांधावरही उभी राहिली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाली की यांना तुमच्या मोटेवर घ्या, रोजाचे पैसे देऊ नका, भाकरी मी आणीन.

अर्जुनरावांनी जे सांगितलं त्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. तुमचा माणूस माझ्या मोटेवर दिसला तर गाव तुम्हाला काही म्हणणार नाही, म्हणाले. गाव म्हणेल, अर्जुन्या माजला, पाटलाच्या जातीचा माणूस गडी ठेवला. कडब्याची गंजी माझी पेटेल. मागच्या वर्षी देवळाजवळच्या हापशावर आमच्या पोरीने घागर लावली तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंत.

जनकाबाईने पाहिलं होतं. पाहिलं आणि ती दार लावून घरात जाऊन बसली होती. तिने मान खाली घातली.

"माह्या मनात वाकडं नाही बाई," अर्जुनराव म्हणाले. "पन त्याइच्या भावानं मले येऊन सांगावं. मंग घेतो."

ती घरी आली आणि तिने दिरापुढे पदर पसरला. आयुष्यात पहिल्यांदा. दयाराम ताडकन उभा राहिला. अर्जुन्याच्या मोटेवर माह्या दादाले गडी म्हणून ठेवता? माह्या तोंडात शेण घालता काय वहिनी? ती म्हणाली, ते मरतीन भाऊजी. तो म्हणाला, इज्जत जाऊन कोन जगलं? हे बोलून तो बाहेर गेला. त्याला ते बोलायचं नव्हतं, हे तिला कळत होतं, पण बोललं गेलं होतं. पसरलेला पदर तसाच मांडीवर घेऊन ती बसून राहिली. पुंजाजी आतल्या खोलीत जागा होता.

सकाळी बाज रिकामी होती.

आधी कुणाला काही वाटलं नाही, परसाकडे गेला असेल. मग तानाबाई शेतातून धावत आली. विहिरीजवळ पुंजाजीच्या वहाणा होत्या, नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. एवढंच तिने सांगितलं. जनकाबाई उठली ती अनवाणी पळत सुटली. रस्त्यात कुणी तिला धरलं, तिने त्याला ढकललं. विहिरीच्या काठाशी पोचली तेव्हा दयाराम आत वाकून दादा, दादा म्हणून ओरडत होता आणि त्याचाच आवाज आतून परत येत होता. पाणी काळंशार होतं. गळ टाकले, ते रिकामे आले. पोहणारे उतरून पाहून आले, तळाशी कपारी आहेत, दिसत नाही म्हणाले. तेव्हा कुणीतरी सांगितलं की मोटर चालू करा, विहीर उपसा.

दयारामनेच हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली आणि पाटाला पाणी लागलं. कुणाच्याही पिकाला न जाता ते पडीत वावरात पसरत गेलं. गाव काठावर उभं. पाणी एकेक हात खाली सरकत होतं, ओल्या दगडांची नवी रांग उघडी पडत होती, आणि जनकाबाई एकेक रांग मोजत होती. ती दिराला शिव्या देत नव्हती. तो तिच्या पायाशी बसला होता, कपाळ दगडावर आपटत होता, आणि तिला त्याची कीव येत होती, आणि त्या किवेचाही तिला संताप येत होता. लौकर दिसू दे, असं तिच्या मनात आलं. दिसूच देऊ नको, असंही आलं.

ऊन चढलं. तळाचा गाळ दिसला, कपारी दिसल्या. गाळात एक फुटकी घागर होती. पुंजाजी नव्हता. मोटरीने हवा ओढली, पाइप फुरफुरला, आणि दयारामने लाल बटण दाबलं.

मोटरीच्या आवाजात सकाळपासून काहीच ऐकू येत नव्हतं. आता एकदम शांत झालं, आणि ओढ्यापलीकडून चाकाची कुरकुर ऐकू आली. मोट चालली होती. तिकडचं रोजचंच ते, कुणी लक्ष दिलं नाही. पण मग पलीकडे एक माणूस बैलांना हाकारून मागं मागं म्हणाला, आणि तो आवाज ओळखून जनकाबाई ओढ्याकडे पळाली.

पुंजाजी अर्जुनरावांच्या धावेवर होता. दिवस उगवायच्या आधी तो सवयीने आपल्या विहिरीवर गेला होता, सवयीने वहाणा काढल्या होत्या, बैल नाहीत हे पाहून तसाच अनवाणी ओढा उतरला होता. अर्जुनरावांना त्याने काही विचारलं नाही. ते बैल जुंपत होते, याने कासरे हातात घेतले. अर्जुनरावांना वाटलं निरोप धाडावा, पण पलीकडे जमलेला घोळका पाहून त्यांचा धीर झाला नाही. एवढी माणसं कशाला आली असतील, ते त्यांनी आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. ते गंजीजवळ विळा घेऊन उभे होते.

मागोमाग दयाराम पोचला. ओरडून घसा बसलेला, ओठ कोरडे पडलेले. भाऊ घामाने निथळत उतारावरून येताना त्याने पाहिला. मोट ज्या दगडी कुंडात रिती होत होती त्याच्या काठाशी तो बसला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि घटाघटा पाणी प्याला. मागे सगळं गाव उभं होतं. कुणीतरी घसा खाकरला. दयारामने पुन्हा ओंजळ भरली आणि पुन्हा प्याला.

"अर्जुनराव," तो म्हणाला, "येऊ द्या त्याले."

अर्जुनरावांनी विळा खाली ठेवला. पण ते उत्तर द्यायला जनकाबाईकडे वळले, कारण मागायला आधी तीच आली होती.

"येऊ द्या. पन खोटं सांगत नाही बाई. खांब इकडं आले त मीबी मोटर बसवीन. माह्ये लेकरं हायेत."

पुंजाजी त्यांच्या शेजारून बैलांबरोबर खाली गेला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. पाण्याची धार कुंडात पडली.

"तवर जगतीन हे," जनकाबाई म्हणाली. "तवर त जगू द्या."